एका उन्हाळ्याचे पिचर

इकडे रेजिना या बर्फाळ शहरात आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. तरुणपणी ते बेसबॉलचे व्यावसायिक पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे खेळाडू होते, पण एकच उन्हाळा. मग खांदा गेला. त्यानंतर त्यांनी चेंडू कधी टाकला नाही, असं त्यांची बायको सांगते. ते बोलतात सावकाश, मधेच डोळे मिटून, कुठल्यातरी मैदानावरचं ऊन अजून अंगावर घेत असल्यासारखे. हातात सफरचंद आलं की बोटं आपोआप चेंडूवर बसावीत तशी बसतात.

परवा घरासमोरच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसता उपसता त्यांनी बर्फाचा गोळा वळला, एक पाय उचलून क्षणभर थांबून तो समोरच्या झाडावर फेकला. गोळा बरोबर बुंध्यावर फुटला. ते मात्र खांदा धरून खालीच बसले. मी धावलो.

"फार दुखतंय का?"

"हो ना," डोळे पुसत ते हसले, "अगदी तेव्हासारखंच!"