मेजरची मेलेली वासरं

“मेलेली न्यायला आलात ना? तीन आहेत, गोठ्यामागे. गाडी तिकडून घ्या. पुढच्या दारापाशी नको.”

मेजर, म्हणजे त्या शेताचा मालक, इंग्रजीत एवढं बोलला आणि पाठ फिरवून चालू लागला. माझ्याकडे त्यानं धड पाहिलंही नाही. अंगावर राखाडी सूट होता. हातात ब्रीफकेस, आत त्याच्याच नावाची फाइल. पण मेलेली गुरं उचलणारा माणूस यायचा होता आणि दारात एक काळी बाई उभी होती. झालं. जुळलं त्याचं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या एका फर्ममध्ये केमिस्ट होते. शेतातली घाण ओढ्यात गेली की नदीखात्याची नोटीस यायची आणि बड्या जमिनींचे मालक आमच्याकडे धावायचे. मी जायची, पाण्याचे नमुने घ्यायची, अंतरं मोजायची आणि नोटिशीला उत्तर लिहायची. उत्तर असं, की मालकावर काही येऊ नये आणि खोटं पकडलंही जाऊ नये. त्यात माझा हात धरणारं फर्ममध्ये कुणी नव्हतं. मला त्याचा अभिमान होता. सांगायला लाज वाटते, पण होता.

मी कोण ते सांगितल्यावर मेजर हसला. सॉरी नाही, काही नाही. “वेल, हाऊ वॉज आय टु नो?” म्हणाला.

त्याचा दगड कुठे लागला हे त्याला कुठून कळणार? माझा आजा मराठवाड्यातल्या एका गावात मेलेली ढोरंच ओढायचा. पाटलाचा बैल मेला की सांगावा यायचा, आजा दोर घेऊन निघायचा. वाड्याच्या मागच्या बाजूनं. माझे वडील, आबा, हे सगळं टाकून बर्मिंगहॅमच्या फाउंड्रीत आले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तिथल्या मराठी मंडळात डॉक्टरीणबाई गोड हसून आडनाव विचारायच्या. त्यावरून अंदाज नाही आला तर गाव विचारायच्या. तरीही नाही आला तर, “गावात कुठल्या बाजूला हो?” केवढी शिकलेली माणसं! सातासमुद्रापार आली आणि गावाची वेस सामानात बांधून घेऊन आली. म्हणून मी माझी जात कुठेच बोलत नसे. मेजरनं काही न विचारताच मला आजाच्या कामाला लावलं.

आत त्याच्या खोलीत त्यानं मला बस म्हटलं नाही. खुर्ची एकच मोकळी होती, तिच्यावर कुत्रा झोपला होता. कुत्र्याला उठवायचं त्याच्या मनातही आलं नाही. मी उभ्यानंच नोटीस वाचली.

मॅड काऊ या गुरांच्या रोगाच्या भानगडीनंतर मेलेली जनावरं नेणारा माणूस वेळेवर येईनासा झाला होता. मेजरच्या शेतावर वासरं खड्ड्यात पुरली गेली, आणि खड्डा ओढ्याच्या इतका जवळ की खालच्या वस्तीत पाण्याला वास सुटला. हा खड्डा कुणी खणला आणि कुणाच्या हुकमानं, असं खात्यानं विचारलं होतं.

“टेडनं खणला. मला न विचारता,” मेजर म्हणाला. “तसं लिहा. टेडला त्याचं काही वाटणार नाही.”

त्याच्या मागे भिंतीवर चाव्यांची फळी होती. एका खिळ्याखाली चिठ्ठी चिकटवलेली: ‘डिगर’. खणायच्या यंत्राची चावी खिळ्यावर होती.

टेड हा त्याचा गडी. साठीचा, वाकलेला. बायकोसोबत शेतावरच्याच कॉटेजमध्ये राहायचा. घर नोकरीबरोबर मिळालेलं होतं आणि नोकरीबरोबरच जाणार होतं. खड्डा दाखवायला तोच आला. ओढ्यापर्यंतचं अंतर मोजताना टेपचं दुसरं टोक त्यानंच धरलं. नीट, ताणून. स्वतःच्याच गळ्याचं माप देतोय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, तेव्हा म्हणाला, “डिगरची चावी मेजरसाहेबांच्या खोलीत असते, मिस. सकाळी मागून घ्यायची, काम झालं की परत. कुठे खणायचं ते त्यांनी काठीनं दाखवलं.” मग टेप गुंडाळत हळूच, “आमच्या घराचं काही होणार नाही ना?”

“बघते,” मी म्हणाले.

हे ‘बघते’ मी चार वर्षं म्हणत होते. ‘एका कर्मचाऱ्याची वैयक्तिक चूक’ हे माझं ठेवणीतलं वाक्य. किती उत्तरांत घातलं असेल. वाक्य टाइप झालं की फाइल बंद. त्या कर्मचाऱ्यांचं पुढे काय झालं, मी एकदाही विचारलं नाही.

रविवारी आबांकडे गेले. मेजर दारात काय म्हणाला ते सांगितलं. वाटलं होतं, चिडतील, दोन शिव्या हासडतील. आबा जेवत होते. त्यांनी घास तसाच ठेवला.

“मग ओढलंस?”

“काहीतरीच काय आबा? मी केमिस्ट आहे.”

“मग कशाला गेली होतीस तिथं?”

आजानं दोरानं ओढलं, उघड्यावर, त्याला दुसरी वाट नव्हती म्हणून. मी कागदानं ओढत होते. मालकाची घाण त्याच्या दारातून उचलायची आणि गड्याच्या दारात नेऊन टाकायची. वर सूट घालून. मेजरनं मला बरोबर ओळखलं होतं. त्या माणसाची किळस येत होतीच. त्या दिवशी माझी मला आली.

सोमवारी मी उत्तर टाइप केलं. जागा मालकानं दाखवली, यंत्र मालकाचं, चावी मालकाच्या खोलीत. खाली अंतरं आणि माझी सही.

माझ्या साहेबानं वाचून कागद परत सरकवला. “यू आर हिअर टु हेल्प द क्लायंट.”

“टेडचं नाव घातलंत, तर मी हे सगळं स्वतः खात्यात नेऊन देईन,” मी म्हणाले. “खाली सही माझीच असेल.”

तो हसला. त्यानं टेडचं नाव घालून दुसरं उत्तर पाठवलं. मी माझं नेऊन दिलं. खात्याच्या बाबूनं दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा वर केला आणि मला खुर्ची दिली. मेजरला दंड झाला. क्लबात दारूचं बिल भरावं तसा त्यानं भरला. हुकूम मालकाचा होता हे खात्यात लेखी असल्यामुळे टेडला काढता आलं नाही. माझी नोकरी त्याच आठवड्यात गेली. टेडनं आभार मानले नाहीत, माझ्याकडे पाहायचंही टाळलं. बरोबरच होतं त्याचं. चार वर्षांत मी कितीजणांना असं दाराबाहेर काढलं होतं, ते मीही अजून मोजलेलं नाही.

आता बर्मिंगहॅममध्ये माझं स्वतःचं, एका टेबलाचं ऑफिस आहे. नोटिशी अजून येतात, मालक अजून फोन करतात. आवाज तोच, गोड. “गड्याची चूक होती असं लिहिता येईल ना?” मी पहिला प्रश्न विचारते, चावी कुणाकडे होती? निम्मे तिथंच फोन ठेवतात. ठेवू देत.

ज्याचं जनावर मेलं, त्यानं ओढावं. मी दोर खाली ठेवलाय.