भाकर चुरून खायचा चहा

गवती चहाची पात चुरगाळली की मला कनेरगाव नाक्यावरचा तो ढाबा आठवतो. ढाबेवाला बरीच वर्षं परदेशात स्वयंपाकी होता आणि गावी परतल्यावर त्यानं व्हिएतनामातल्या ह्युए शहराकडचं शेवयांचं तिखट सूप सुरू केलं होतं, फक्त तिकडं ते गोमांसाचं असतं, इथं कोंबडीचं. मी मोठ्या हौसेनं मायला घेऊन गेले. वाफाळता वाडगा समोर आला. वर लाल तवंग, खाली तांदळाच्या जाड, पांढऱ्या शेवया. मायनं वास घेतला आणि सगळ्या ढाब्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काहून रे बाबा, चहात शेवया टाकल्या?" शेजारच्या बाजेवरचे ड्रायव्हर खो खो हसले आणि ढाबेवाल्याचा चेहराच पडला. "गवती चहाच हाय त्याच्यात मावशी, पण चाखून तर पाहा," तो म्हणाला. मायनं चमचा बाजूला सारला, ज्वारीची भाकर मागवली, वाडग्यात चुरली आणि चार घास खाऊन हुकूम सोडला, "बराबर जमलं. रस्सा वाढ अजून." हसणाऱ्या ड्रायव्हरांनीही मग तोच 'चहा' मागवला. आता ढाबेवाल्याकडून शिकलेला तो रस्सा माझ्या घरी उकळतो आणि पाहुणे दारातूनच विचारतात, "चहा ठेवला का?" मी बिनधास्त सांगते, "व्हय, भाकर चुरून खायचा."