नकाशात न दाखवलेले बांध

इंग्लंडमधल्या रीडिंग गावात मी नकाशे काढायचे. परदेशातल्या सरकारांना जमिनीबद्दल सल्ला देणारं ते छोटं ऑफिस. कुणीतरी बेटांवर फिरून फोटो आणि मातीचे नमुने आणायचं, आणि आम्ही तिघी टेबलावर वाकून ते ट्रेसिंग पेपरवर उतरवायचो. रेघ चुकली तर ब्लेडने खरवडायची. माझा हात चांगला होता आणि त्याचा मला चांगलाच माज होता.

ऐंशीचं दशक सरता सरता मॉरिशसचं काम आलं. डोंगरउतारावरचे ऊस आणि भाजीचे मळे. त्याच सुमारास तिथली एक मराठी मुलगी इथे युनिव्हर्सिटीत शिकत होती. दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायची. एकदा मला न्यायला ऑफिसात आली आणि टेबलावरच्या कागदावर तिने स्वतःचं शेत बरोब्बर शोधलं.

"मावशी, हे आमचे दगडी बांध! आजोबांनी शेतातला एकेक दगड वेचून रचलेत. हे आहेत म्हणून माती राहते. नीट दाखवाल ना?"

"दाखवले आहेत की," मी म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी ते पाहिले. एवढ्या लहान नकाशावर इतक्या बारीक रेघा म्हणजे नुसती गिचमिड, काढून टाका, म्हणाले. नियमाने त्यांचं बरोबरच होतं. आमच्या गावाकडे बांध कोरणाऱ्याशी लोक जन्मभर बोलत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तरी तोंड उघडलं नाही. अर्ध्या तासात सगळे बांध खरवडले. नकाशा फार सुबक दिसायला लागला. तिला मात्र सांगितलं नाही.

पुढचा अहवाल लिहिणारा तिथे कधी गेलाच नव्हता. नकाशात त्याला उतार मोकळा दिसला; दगड हलवून यंत्रं चालवा, असं त्याने लिहिलं. माझ्या एका नकाशाने सगळं घडलं असं म्हणणं म्हणजे स्वतःला फार मोठं समजणं. पण मी गप्प बसले होते, ते काही कुणी माझ्याकडून करवून घेतलं नव्हतं.

दोनेक वर्षांनी, एका रविवारी, ती आमच्या किचनमध्ये वडिलांचं पत्र घेऊन बसली. बुलडोझरने बांध उपटले होते. मागोमाग वादळ आलं. वादळं त्यांना नवी नव्हती, पण असा न थांबणारा पाऊस आपण जन्मात पाहिला नाही, असं वडिलांनी लिहिलं होतं. शेतातली माती थेट समुद्रात गेली. किनाऱ्याचं पाणी कितीतरी दिवस लाल होतं. खाली काळा कातळ उघडा पडला होता.

ती रडली नाही. पत्राचं शेवटचं पान उलटून म्हणाली, "बाबा पुन्हा रचणार आहेत. पण खुणाच राहिल्या नाहीत, कुठला बांध कुठून जायचा ते कळत नाही. मी त्यांना सांगितलं होतं ना, मावशीने सगळे नकाशात काढलेत म्हणून. तर विचारतायत, त्या नकाशाची एक कॉपी मिळेल का?"