मोरेश्वरचा वाटा

देवरुखच्या शाळेत, माझ्या वर्गात, मोरेश्वर शिगवणच्या पाटीवरचं गणित चुकलं की तो मान वर करून सांगायचा, "चुकलं नाही, बाई. पुसायचं राहिलं." सातवीत होता तेव्हा. पुढे मुंबईला गेला, साचे बनवण्याचं काम शिकला, आणि मी माझ्या लेकीकडे, सलोनीकडे, ऑकलंडला जायला लागले तेव्हा तो तिथल्या फ्लॅट बुश या उपनगरात तिच्या मागच्याच गल्लीत राहत होता. पेनरोजच्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या बाटल्यांचे साचे करायचा. भुवया जाड झाल्या होत्या, पोट सुटलं होतं, भर थंडीत पायात जँडल्स, म्हणजे रबरी सपाता. बाकी तोच.

त्याचं कुणाशी पटत नसे. शेजारचा आपली मासेमारीची बोट यांच्या दारात उभी करतो म्हणून त्याच्याशी भांडण. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मोदक विकतचे आणले म्हणून अध्यक्षांशी भांडण. त्याची बायको विभावरी या सगळ्यांकडे मागून जाऊन गोड बोलून यायची. ती मला म्हणायची, "बाई, आमच्या घरात माझी अर्धी नोकरी हीच आहे."

पण गॅरेजमध्ये तो वेगळा असे. शनिवारी सकाळी गॅरेजचं दार वर करून, पंखा बाहेरच्या बाजूला फिरवून तो शिसं वितळवायचा. टायरच्या दुकानातून चाकांना लावायची जुनी वजनं आणायची, वितळवायची, त्यात मेणाचा तुकडा टाकून वर आलेली मळी पळीने काढायची, कडकपणासाठी थोडं कथील घालायचं आणि लोखंडी साच्यात ओतायचं. साचा उघडला की अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडी लांब, चपट्या नाकाची गोळी जाड टॉवेलवर पडायची. नाक चपटं का, तर त्याच्या रायफलीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात. टोक अणकुचीदार असेल तर पुढच्याच्या बुडाला टोचून तिथंच बार व्हायचा. घोड्याखालचा दांडा खाली-वर केला की एक काडतूस आत जातं. जुन्या पद्धतीची, भल्या मोठ्या गोळीची बंदूक. रानडुकरासाठी.

हे त्याच्या घरचंच होतं. त्यांच्या वाडीत आजोबांकडे पीकरक्षणाची ठासणीची बंदूक होती. म्हातारपणी आजोबा रानात जात नसत, चुलीवर शिसं ओतून गोळ्या तेवढ्या करून देत. तरी डुक्कर पडलं की मागचा एक फरा, म्हणजे अख्खी मांडी, त्यांच्या ओटीवर येई. गोळी ज्याची, त्याचा वाटा. हा त्या वाडीचा रिवाज होता आणि मोरेश्वर तो समुद्र ओलांडून घेऊन आला होता.

दोन हजार पंधरा साली त्याच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन झालं, थोडं दिसू लागलं, पण डॉक्टरांनी सांगितलं, बंदुकीचा धक्का आता या डोळ्याला चालणार नाही. रायफल विकायला त्याचं मन होईना. त्याने ती साडूला दिली.

साडू म्हणजे चारुदत्त, विभावरीच्या धाकट्या बहिणीचा, अस्मिताचा, नवरा. पुण्याचा, शहरात एका बँकेत कॉम्प्युटरचं काम करणारा, कपड्याची इस्त्री न मोडणारा. शिकार त्याला मोरेश्वरनेच शिकवली होती, परवानाही त्याच्याच मागे लागून काढायला लावला होता. रायफल देताना मोरेश्वरने दोन अटी घातल्या. काडतुसं मी भरीन. आणि प्रत्येक डुकराचा मागचा फरा माझा. चारुदत्त हसून म्हणाला होता, "स्वीट अॅज, मोरेश्वरराव! कबूल!"

पहिल्या वर्षी हसणं टिकलं. दुसऱ्या वर्षी फरा यायचा तो बोलण्यासकट. "घ्या, खंडणी." मोरेश्वर पिशवी उघडून आधी गोळी कुठे लागली ते बघायचा. "पोटात मारलीस. मांस नासवलंस." "मग तुम्ही या ना मारायला!" हे वाक्य एकदा सुटलं आणि परत घेता आलं नाही. त्यानंतर मंडळाच्या जेवणात चारुदत्तने चारचौघांत सांगितलं, आमचे साडूभाऊ घरबसल्या शिकार करतात. मोरेश्वर ताट घेऊन उभाच होता. म्हणाला, "घोडा माकडसुद्धा ओढेल. गोळी करून दाखव."

त्यापुढे दोघांत फक्त काडतुसांपुरतं बोलणं उरलं. बहिणी बहिणी फोनवर बोलायच्या, त्यातही धार आली होती. पण फरा येत राहिला. मोरेश्वर तो स्वतः कापायचा, विभावरी सुक्कं करायची, आणि त्या एका दिवशी तो घरात कुणावर आवाज चढवत नसे. रानातलं त्याचं जे काही उरलं होतं ते एवढंच होतं, आणि हे चारुदत्तलाही ठाऊक असावं.

दोन हजार सतराच्या एप्रिलमध्ये मी तिकडेच होते. शुक्रवारी संध्याकाळी चारुदत्त काडतुसं न्यायला आला तेव्हा मोरेश्वरचं भरणं अर्ध्यावर होतं. भरताना बोलायचं नाही हा त्याचा नियम. विभावरीसुद्धा चहाचा कप ठेवून मुकाट्याने जाते. कारण पितळी पुंगळी मोठी आणि बंदुकीची दारू थोडी. तळाशी जेमतेम पडते. एकाच पुंगळीत चुकून दोनदा पडली तरी बाहेर सांडत नाही, वरून गोळी बसली की कळतही नाही. म्हणून तो वीस काडतुसांची दारू आधी मोजून वाटीत काढून ठेवायचा. शेवटच्या पुंगळीबरोबर वाटी रिकामी झाली पाहिजे. मग ठोकळ्यातल्या सगळ्या पुंगळ्यांत टॉर्च मारून बघायचं आणि मगच गोळ्या बसवायच्या.

चारुदत्त दाराशी टेकून म्हणाला, "अजून चालूच आहे का तुमचा सत्यनारायण?"

मोरेश्वरने पुढची पुंगळी उचलली.

"नाही, आम्हाला पहाटे निघायचंय. तुमच्यासारखं घरी बसून फरा मिळत नाही ना."

"उभा राहा नाहीतर जा," मोरेश्वर म्हणाला.

"जातो की. दुकानात हीप्स मिळतात काडतुसं, पाहिजे तेवढी."

"मग कशाला येतोस झक मारत?"

मी आणि विभावरी घरातून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या आतल्या दारात होतो. तिने मला डोळ्यांनीच मागे ओढलं. बोलता बोलता मोरेश्वरचा हात चालू होता. शेवटची पुंगळी राहिली आणि वाटी रिकामी होती. त्याने वाटीकडे पाहिलं, चारुदत्तकडे पाहिलं, आणि डब्यातून पुन्हा माप घेऊन ती पुंगळी भरली. टॉर्च मारला, पण त्याचं लक्ष साडूकडे होतं. गोळ्या बसवल्या, खोकं हातात दिलं. मला त्यातलं काही कळलं नाही. मला वाटलं, माप घेताना दारू थोडी कमी काढली असेल.

शनिवारी सकाळी विभावरीने मला पोह्यांना बोलावलं होतं. मोरेश्वरची बशी तशीच निवत होती. तो चारुदत्तला फोन लावत होता आणि फोन लागत नव्हता. मग त्याने अस्मिताला लावला. तिचा आवाज मला टेबलापलीकडून ऐकू आला. "भावोजी, काल भांडलात तेवढं बास नाही का? काडतुसं परत हवी असतील तर स्वतः जा मागायला. ते तिकडे गेलेत, 'ते कुइती' गावाला, नेहमीच्या शेतावर. तिथे रेंज नसते." आणि फोन बंद.

"चला," विभावरी म्हणाली, "मी गाडी काढते. तुम्ही त्या डोळ्याने मोटरवेवर जायचं नाही." मग माझ्याकडे वळली. "बाई, तुम्हीही या. तुमच्यासमोर निदान शिव्या तरी देणार नाहीत दोघं." पोह्यांचा डबा तिने तसाच बरोबर घेतला.

हॅमिल्टन शहर मागे पडलं. मग मोरेश्वर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "वाटी आधी संपली."

विभावरीचा पाय क्षणभर ब्रेकवर आला. तिला अर्थ कळला होता. मला त्याने समजावून सांगितलं: एकात दुप्पट दारू गेलीय. ते काडतूस उडवलं तर रायफल फुटेल, गालाशी धरलेली असताना.

"मग कालच का नाही—"

"तो बघत होता," मोरेश्वर म्हणाला.

शेत एका मेंढपाळ गोऱ्याचं होतं. लोकर कातरायला येणाऱ्या माणसांसाठी तिथे पत्र्याची एक लांबट खोली होती. चारुदत्त तिच्या पायरीवर बसून बुटांचा चिखल खरवडत होता. डुकरं उन्हं कलल्यावर बाहेर पडतात. तो त्याचीच वाट बघत होता. रायफल दाराला टेकलेली, खोकं शेजारी. आम्हाला बघून तो उठला, पण त्याने नमस्कार फक्त मला केला.

"काडतुसं दे," मोरेश्वर म्हणाला.

"अरे वा. इतक्या लांब? फरा कापायला सुरी आणलीत का?"

"दे म्हणतो ना. दारू ओलसर होती."

"तुमची दारू? ओलसर?" चारुदत्त हसला. "सकाळी एक उडवलं, निशाण बघायला. फर्स्ट क्लास. नाही देत. काल मी दुकानाचं नाव काढलं ते झोंबलंय तुम्हाला. माझी ट्रिप घालवायला आलात!"

"चारू, अरे ऐक—" विभावरी म्हणाली.

"ताई, तू मध्ये पडू नकोस. दर वेळी यांचंच ऐकायचं?" त्याने खोकं उचलून काखेत धरलं.

मोरेश्वर पायरीपाशी गेला. त्याचा चेहरा मला ओळखीचा होता. पाटी हातात घेऊन उभा असायचा तेव्हाचा. त्याने हातातली पिशवी पायरीवर ठेवली. मग तो म्हणाला, "चुकलं माझं. एकात दोनदा भरलंय. कुठल्यात ते माहीत नाही."

"काय?"

"बंदूक फुटेल. तुझ्या तोंडावर."

चारुदत्तने काखेतलं खोकं हळूच, दोन्ही हातांनी खाली ठेवलं. "आणि हे तुम्हाला कधी कळलं?"

"कालच. तू असताना. तुझ्यासमोर सगळं ओतून पहिल्यापासून सुरू करायला नको वाटलं."

"नको वाटलं!" चारुदत्त ओरडला. "मला दोन पोरं आहेत, मोरेश्वरराव! नको वाटलं!" पुढे तो जे बोलला ते मी लिहीत नाही. माझ्यासमोर बोलला आणि त्याला माझं भान नव्हतं. मोरेश्वरने पिशवीतून प्लास्टिकचा हातोडा काढला. त्याच्या पोकळ डोक्यात काडतूस अडकवून दगडावर आपटलं की गोळी सुटून दारूसकट आत पडते. विभावरीने पोहे कागदावर काढून डब्याची झाकणं पुसून दिली. एक काडतूस, चार-पाच ठोके, झाकणावर दारूची चिमूटभर ढिगली. दुसरं. तेवढीच ढिगली. चारुदत्त हाताची घडी घालून, मागे उभा राहून बघत होता.

सहाव्या की सातव्या वेळी ढिगली मोठी पडली. शेजारच्या ढिगलीजवळ ठेवल्यावर तर मलाही दिसली.

चारुदत्तने रायफल उचलली, नळी लांब वळवून दांडा खाली-वर करत आतली काडतुसं बाहेर काढली आणि ती मोरेश्वरच्या शेजारी ठेवली. त्याच्या हातातून एक गवतात पडलं. "मिळालं ना? मग बास आता," तो म्हणाला.

"एक चुकलं, तर दुसरं चुकलं नसेल कशावरून?" मोरेश्वरने सगळी फोडली. बाकीची बरोबर होती.

तो उठला तेव्हा चारुदत्त म्हणाला, "यापुढे तुमच्या हातचं काडतूस माझ्या बंदुकीत जाणार नाही."

माझ्या बंदुकीत, असं तो आजवर कधी म्हणाला नव्हता. मोरेश्वरने गोळ्या पिशवीत भरल्या. "बरोबर आहे," तो म्हणाला. "मग वाटाही नाही."

परतताना विभावरी म्हणाली, "बोललात ते बरं केलंत." त्यावर तो फक्त म्हणाला, "पोहे राहिले तिथेच."

त्या वर्षी गॅरेजचं दार वर झालं नाही. मोरेश्वर शेजारच्याशी बोटीवरून दुप्पट भांडला. सप्टेंबरात चारुदत्तने दुकानच्या काडतुसांवर डुक्कर मारलं आणि फरा पाठवला, अस्मिताच्या हातून. मोरेश्वरने तो आल्या पावली परत केला. "गोळी माझी नाही." अस्मिता दारातच रडकुंडीला आली. "भावोजी, घ्या हो! त्यांनी तुमच्यासाठी वेगळा काढून ठेवलाय." तो आत निघून गेला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात मी पुन्हा तिकडे होते. शनिवारी दुपारी विभावरीकडे गॅरेजच्या आतल्या दारापाशी मटार सोलत बसले होते. चारुदत्त आला, आमच्याकडे न बघता सरळ गॅरेजमध्ये गेला आणि रिकाम्या पुंगळ्यांची पिशवी टेबलावर आपटली.

"भरा."

"का? दुकानं बंद झाली?"

"दुकानातली लाथ मारतात. खांदा काळानिळा झालाय."

"तुला बंदूक धरता येत नाही."

"भरताय की जाऊ?"

मोरेश्वर पिशवीत हात घालून पुंगळ्या चाचपत राहिला. "माझ्या हातचं तुझ्या बंदुकीत चालणार नव्हतं."

"दुकानवाला ते कुइतीला येत नाही," चारुदत्त म्हणाला. रागानेच म्हणाला.

मोरेश्वरने साचे, वाट्या, ठोकळा काढला. गोळ्या जुन्याच होत्या, मागच्या वर्षी फोडलेल्या काडतुसांतल्या. "बाहेर उभा राहा. तोंड बंद."

बाहेर बारीक पाऊस होता. चारुदत्त दाराबाहेर पन्हळीखाली इस्त्रीच्या शर्टात उभा राहिला, हात काखेत घालून. बऱ्याच वेळाने आतून हाक आली. "ये. बघ." ठोकळ्यात भरलेल्या पुंगळ्या रांगेत होत्या. मोरेश्वरने टॉर्च साडूच्या हातात दिला. चारुदत्त वाकून एकेका पुंगळीत बघत गेला.

"सारखी आहे सगळ्यांत?" मोरेश्वरने विचारलं.

"या एकात जास्त वाटतेय."

"डोळे तपासून घे. वाटी बरोबर संपलीय."

"मला वाटतेय."

मला वाटलं, आता भडका उडणार. विभावरीने हातातला मटार खाली ठेवला. मोरेश्वरने त्या पुंगळीत आपल्या चांगल्या डोळ्याने पाहिलं. मग एकेक पुंगळी उचलून सगळी दारू परत वाटीत ओतली, रिकामा ठोकळा समोर ओढला आणि माप हातात घेतलं.

चारुदत्त कुणी न सांगता बाहेर पावसात जाऊन उभा राहिला.