पश्चिमेस गळका नळ

तालुक्याच्या कचेरीबाहेर मी वीस वर्षे अर्ज लिहिले. शिक्षण नववीपर्यंतचे, तथापि माझ्या मसुद्यात फेरफार करण्याचे धाडस वकिलांनीही क्वचितच केले. पत्नीला तोक्योतील एका भारतीय शाळेत गणित शिकवण्याची नोकरी लागली, तेव्हा तिच्यासोबत ओजिमाच्या सरकारी वसाहतीत राहायला आलो. येथेही अर्जांना तोटा नाही. घराची मुदत, मुलांच्या शाळेतील रजा, कचरा चुकीच्या दिवशी ठेवल्याचा खुलासा. मसुदा मी मराठीत करतो. भाषांतर ज्याचे त्याने करावे.

एका रविवारी सकाळी सातव्या मजल्यावरची बाई नवऱ्याला घेऊन आली. दोघे पुण्याचे, पस्तिशीचे. जपानला येण्यापूर्वी ती इटलीतील एका लहान डोंगरी गावात राहत होती, कारण नवरा तेथील कारखान्यात अभियंता होता. तेथे त्यांना मुलगी झाली आणि बारशाआधीच गेली. तान्ह्या मुलाला आपल्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. त्याप्रमाणे तिला गावच्या दफनभूमीत पुरले. आता तेथील नगरपालिकेचे पत्र आले होते. जागेची मुदत संपत आली असून मुदतवाढीची विनंती न आल्यास अवशेष सामाईक अस्थिगृहात हलवले जातील, असा त्याचा आशय होता.

बाईला इटालियन चांगले येत होते. मग माझ्याकडे का, असे मी विचारले.

“तीनदा लिहून बघितलं, काका. मी लिहिलं की माफी मागितल्यासारखं होतं. तुम्ही मागणी लिहा, मी भाषांतर करते.”

नवरा गॅलरीच्या दारापाशी उभा होता. खुर्ची दिली, ती त्याने घेतली नाही. त्याचे म्हणणे असे की, आपल्याकडे असली जागा कोणी राखत नाही. त्याच्या आजोबांचे एक भावंड नदीकाठी पुरले होते, ते नेमके कोठे, हे घरात कोणालाही ठाऊक नाही आणि त्यावाचून कोणाचे अडलेले नाही. एवढे बोलून तो मोबाइल पाहू लागला.

मी बाईला समजावले की परक्याचा अर्ज बाजूला पडतो. अर्जदाराला गाव ठाऊक आहे, हे आधी सिद्ध झाले पाहिजे. तिने गावाचा इतिहास व प्रेक्षणीय स्थळे मुळापासून सांगावीत.

तिने सांगितले ते असे. गावाला तट आहे आणि तीन वेशी. वरची वेस पूर्वी एका महामारीत चिणली, ती अजून बंदच आहे. चौकात दगडी कारंजे असून त्यावर तीन मासे कोरलेले आहेत. एकाचे तोंड भूकंपात फुटले. मनोऱ्यावरच्या घड्याळाला एकच काटा आहे, मिनिटांची गावाला कधी गरज पडली नाही. उताराला एके काळी रेशमाची गिरणी होती, तेथे आता वाचनालय आहे. अंगणातली तुतीची झाडे मात्र कोणी तोडली नाहीत. मग खालची वेस, आणि वेशीबाहेर सुरूच्या झाडांच्या रांगेमागे दफनभूमी.

हा क्रम ना काळाचा होता, ना महत्त्वाचा. तो कसला, असे मी विचारले. ती म्हणाली, हा घरापासूनचा रस्ता आहे. ती रोज जात असे.

इतिहास मी पावणेतीन पाने लिहिला. कारंजे रोमन काळातील असावे, असे अनुमान माझ्या अनुभवावरून जोडले. त्यानंतर मी चतुःसीमा विचारली. आमच्या कागदांत कोणतीही जमीन चार दिशांना काय आहे, यावरून निश्चित होते. नाव आणि क्रमांक चुकू शकतात. मुलीच्या कबरीवरील दगडावर तर नुसते आडनावच होते.

“पूर्वेस?”

“एका शिंपीणबाईंची कबर. तिच्यावर कात्रीचं चित्र आहे.”

दक्षिणेस तट, त्याच्या फटीत अंजिराचे रोप. उत्तरेस पायवाट. पश्चिमेस काय, असे विचारल्यावर ती रिकामी जागा, असे म्हणाली.

“रिकामी नाही,” नवरा दारातूनच म्हणाला. “नळ आहे तिथे. गळका. झारी त्याच्याच खाली असते.”

बाईने मागे वळून पाहिले. “तू कधी गेलास?”

“शिफ्टला जाताना. तू उठायच्या आधी.”

मी ‘पश्चिमेस गळका नळ’ असे लिहिले, कारण कागदावर वस्तुस्थिती यावी लागते. मग ‘अर्जदार’ या शब्दापुढे ‘क्रमांक एक’ घातले, खाली ‘क्रमांक दोन’ लिहून ओळ कोरी ठेवली आणि कागद टेबलाच्या त्या बाजूस सरकवला. तो आला, बसला, सही केली.

बाईने भाषांतर करून अर्ज पाठवला. दीड महिन्याने उत्तर आले, ते वाचून दाखवायला दोघे माझ्याकडे आले. कारंजे रोमन नसून पुष्कळ नंतरचे आहे, असे तेथील कारकुनाने सुरुवातीलाच कळवले होते. माझे मत मी बदललेले नाही. चतुःसीमा नोंदींशी जुळतात, सबब मुदत वाढवण्यात येत आहे, असे पुढे होते. शेवटी, पश्चिमेकडील नळाच्या तक्रारीची दखल घेऊन तो दुरुस्त केल्याचे लिहिले होते.

आम्ही तक्रार केलीच नव्हती, असे बाई म्हणाली. नवऱ्याने तिला ते शेवटचे वाक्य पुन्हा वाचायला सांगितले.