कोऱ्या जागा नसलेलं पुस्तक

बाइंडिंगखान्यात तिला सगळ्या 'करवत' म्हणायच्या. तोंडामुळे. मुकादमसुद्धा तिच्या टेबलाजवळून जाताना आवाज खाली घ्यायचा. एकदा तो "बायांनो, हात चालवा" म्हणाला, तेव्हा ही सगळ्यांसमोर म्हणाली होती, "हात आमचे चालतायतच साहेब. तोंड चालवायला तुम्हाला ठेवलंय."

अठरा वर्षं तिचं एकच काम. शिवून-कापून आलेलं पुस्तक डाव्या हातात धरायचं, उजव्या अंगठ्याने पानं फर्रकन सोडायची, आणि कुठे कोरं पान, अर्धवट छपाई, पांढरा पट्टा दिसला की "खराब" म्हणून बाजूला भिरकावायचं. शाळा तिसरीपर्यंत. वाचायची ती अक्षराला अक्षर जोडून, अडखळत. पण कोरी जागा तिच्या अंगठ्याला डोळ्यांच्या आधी कळायची.

मुलगी तिची साडेसहा वर्षांची. मुंगी म्हणायचे तिला, कारण चण बारीक आणि सतत काहीतरी ओढून नेत असायची. नवरा दूरच्या बंदरावर क्रेन चालवायचा, फोनवर "मुंगी काय म्हणते?" एवढं विचारलं की त्याचा संसार झाला. घरात तिसरं माणूस म्हणजे सासू, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, जीभ मात्र स्वच्छ.

शाळेत पहिल्याच महिन्यात मुंगीला फिट आली. बाकावर बसून अक्षर गिरवत होती. मूठ आवळली गेली, मुठीतली पेन्सिल तशीच राहिली, आणि पडताना गालात घुसली. डोळ्याच्या बोटभर खाली. दोन टाके पडले.

"एका बाईंकडे चाळीस मुलं आहेत," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "उद्या डोळा गेला तर जबाबदार कोण?"

"मी धरलंय का तुम्हाला जबाबदार?"

"तुम्ही नाही धरणार. बाकीचे धरतील."

नाव काढलं. घरी शिकवा, नियमात बसतं, म्हणाल्या. नियम असा होता: मान्य यादीतला एक संच घ्यायचा, वर्षभर घरी शिकवायचं, वर्षाअखेर शिक्षण कार्यालयात पहिलीची परीक्षा. पोर पास झाली तर घरीच राहील. नाही झाली, तर 'अशा मुलांच्या' निवासी केंद्रात. चार तासांच्या वाटेवर.

"तिथं पोरं शिकवत नाहीत," सासू म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ मोजतात."

त्याच संध्याकाळी करवतीने घरातल्या पेन्सिली, पेनं, विणायच्या सुया, सगळं उचलून शेजारणीकडे नेऊन टाकलं. रात्री झोपताना हात आपोआप मुंगीच्या गालाकडे जायचा. त्या व्रणाबद्दल मात्र ती कुणाशी बोलली नाही.

मग ती संच घ्यायला गेली. दुकानदाराने तीन संच मांडले. तिने पुस्तकं उघडायच्या आधी उलटी धरली, पाठीवर नखाने टकटक केलं, कव्हर वाकवून सोडलं, गोंदाचा वास घेतला.

"बाई, पुस्तक घेताय की वांगी?"

"वांगं किडकं निघालं तर एक वेळ उपाशी राहीन. हे वर्षभर पुरवायचंय." तिने पहिला संच सरकवला. "नुसतं चिकटवलंय. दिवाणावर ठेवलं तरी पानं गळतील." दुसरा उघडला. "पिना. पोर तोंडावर पडली तर?"

तिसरा दोऱ्याने शिवलेला होता. कागद जाड, आणि उघडला की टेबलावर सपाट पडून राहायचा. माणसासारखं काम. पण त्यात दोन पुस्तकं होती, एक पातळ, एक जाड. तिने पातळ पुस्तकावरून अंगठा सोडला आणि हात थबकला. पानोपान रिकाम्या चौकटी, तुटक रेघा, अर्धी वाक्यं.

"हे काय?"

"मुलांनी भरायचं असतं. जाड आहे ते शिकवणाऱ्याचं, त्यात उत्तरं भरलेली."

"म्हणजे मास्तराला भरलेलं ताट आणि पोरांना रिकाम्या वाट्या?"

"अहो बाई, ते बघून हे लिहायचं. दोन्ही लागतात."

"लिहायला पेन्सिल लागेल."

"लागणारच की!"

"मग जाडच द्या. पातळ ठेवा तुमच्याकडे."

दुकानदाराने खांदे उडवले. परीक्षा लेखी असते का तोंडी, हे त्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. कार्यालयातल्या कारकुनानेही सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करायचं, आणि ते तिला जमायचं नाही. पोरीचा डोळा वाचवायचा होता, आणि मान ताठ ठेवायची होती. दोन्ही एकाच पुस्तकात मिळालं असं तिला वाटलं.

शिकवलं मात्र जीव तोडून. कामाला जायच्या आधी तासभर, पुस्तक जमिनीवर सपाट, दोघी पालथ्या. पुढे सासू म्हणाली, "पोर माझ्यासमोर पडली तर मला दिसायचीही नाही," तेव्हापासून ती मुंगीला बाइंडिंगखान्यात न्यायला लागली. टेबलाखाली कागदाच्या गठ्ठ्यावर बसून मुंगी जाड पुस्तक वाचायची. ते संपलं की हाताला येईल ते. सहाव्या महिन्यात ती आईच्या पुढे गेली. आई "पा-व-सा-त" म्हणेपर्यंत ही ओळ संपवून मोकळी. मुकादमाच्या पाठीवर बनियनच्या कंपनीचं नाव होतं तेही वाचून दाखवलं. त्या दिवशी सगळ्या बायका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"आधी नुसती फिट होती, आता वाचनही लागलं," सासू म्हणायची. "दोन्ही मधेच थांबवता येत नाहीत."

आणि आईचं पाहून मुंगी आणखी एक शिकली. बाजूच्या ढिगातलं पुस्तक घ्यायचं, अंगठा सोडायचा, कोरी जागा दिसली की "खराब!"

परीक्षेला कार्यालयात छोटी खुर्ची होती. परीक्षक बाई आवाजाने मऊ. त्यांनी मुंगीपुढे एक कागद ठेवला आणि नवीन टोक केलेली पेन्सिल. मुंगीने कागदावरच्या चौकटींकडे पाहिलं आणि तो शांतपणे बाजूला ठेवला.

"खराब आहे," ती म्हणाली. "छापायचं राहिलंय."

बाई हसल्या. दुसरा दिला. तोही बाजूला. मग बाई उठल्या, मुंगीच्या बोटांत पेन्सिल दिली आणि वरून आपला हात धरला.

दारातून करवत धावली. "काढा ती तिच्या हातातून!" पेन्सिल हिसकावली, मोडली, तुकडे मुठीतच राहिले.

"तुम्ही परीक्षेत अडथळा आणताय."

"तिला वाचायला सांगा. काय वाटेल ते द्या, वाचेल ती."

"पहिलीची परीक्षा लेखी असते. तोंडीची सोय नाही."

तेव्हा गालाची गोष्ट सांगायची होती. दोन वाक्यांचं काम. पण बाइंडिंगखान्यात अठरा वर्षं जे तोंड कामाला आलं तेच आधी सुटलं. "खुर्चीत बसून पोरं नापास करायचा पगार घेता तुम्ही!"

बाईंनी कागद पुढे ओढला आणि लिहायला घेतलं.

आठव्या दिवशी आदेश आला. करवत पहिल्याच ओळीत अडली. मुंगीने कागद ओढून घेतला आणि एका दमात वाचला: "'सदर बालिकेस वाचन व लेखन येत नाही. सबब पुढील सोमवारी तिला निवासी केंद्रात दाखल करण्यात यावे.' आई, सबब म्हणजे काय गं?"

"निमित्त, बाळे," सासू अंधारातून म्हणाली.

आदेश आला त्याच्या पुढच्या सकाळी करवत पोरीला घेऊन कार्यालयाच्या व्हरांड्यात बाकावर जाऊन बसली. "वाच," म्हणाली. "मोठ्यानं." मुंगीने भिंत वाचली. येथे थुंकू नये. अर्जासोबत दोन छायाचित्रे जोडावीत. विनापरवानगी आत येऊ नये. मग रांगेतल्या लोकांच्या हातातले अर्ज वाचले. शिपाई हुसकवायला आला तर त्याच्या छातीवरचा बिल्ला वाचला. लोक थांबायला लागले. कुणीतरी म्हणालं, "आणि हिला वाचता येत नाही म्हणे!" करवतीला वर्षात पहिल्यांदा पोट भरल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी आणखी लोक. जेवायची वेळ टळायला लागली. दुपारचं औषध तीन वाजता आठवायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं: झोप, जेवण, औषध, तिन्ही वेळेवर. पण रांग भरलेली असताना उठायचं कसं?

तिसऱ्या दिवशी परीक्षक बाई बाहेर आल्या. बराच वेळ उभ्या राहून ऐकलं.

"शेजारच्या खोलीतल्या कारकुनाने गालाचं सांगितलं मला. शाळेत चौकशी केली त्याने," त्या म्हणाल्या. "तुम्ही का नाही सांगितलंत?"

करवतीने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"मी वर विचारलंय. आज चार वाजता तोंडी घेते. एकदाच परवानगी मिळालीय."

पावणेचारला मुंगी बाकावरून घसरली. त्या दिवशीचं औषध अजून पिशवीतच होतं.

करवतीने तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली हात दिला. भोवती गर्दी. मघाशी वाहवा करणारेच आता पावलं मागे घेत होते.

"किती वेळ चालतं हे?" बाईंनी विचारलं.

"दोन मिनिटं. मग झोपते. तास-दोन तास. उठली की सगळं येतं तिला. थांबा हो बाई." तिने आयुष्यात कुणाला 'थांबा हो' म्हटलं नव्हतं.

बाई थांबल्या. खरंच थांबल्या. खुर्ची बाहेर आणून साडेपाचपर्यंत बसल्या. मुंगी आईच्या मांडीवर झोपलेली, ओठाच्या कडेला सुकलेली लाळ. शिपाई किल्ल्या घेऊन आला.

"मला आजच नोंद करावी लागते," बाई म्हणाल्या. "काय लिहू?"

"झोपलीये म्हणून लिहा."

त्यांनी तसंच लिहिलं. वरच्या साहेबाने ते वाचलं आणि खाली एक ओळ जोडली: वैद्यकीय देखरेखीची गरज स्पष्ट, आदेश कायम.

सोमवारी गाडी आली. सासूने दारात मुंगीचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. गाडीतल्या बाईने कागदावर करवतीची सही घेतली आणि दार लावलं.

भेट महिन्यातून एका रविवारी. पहिल्या भेटीला मुंगी खाटेवर बसलेली होती, डोळे उघडे, पण नजर जड; औषध दुप्पट केलेलं. आई जवळ बसली तर तिने तिच्या पदराचं टोक धरलं आणि धरून ठेवलं. खोलीत बारा खाटा होत्या. भिंतीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"शिकवतं कोण इथं?" करवतीने सांभाळणारीला विचारलं.

"शिकवणारी अजून आलेली नाही."

"मग परत परीक्षा कधी? पास झाली की घरी नेता येईल ना?"

सांभाळणारी चादरी घडी करत होती. तिने हात थांबवून नीट पाहिलं, आवाजात काही वाईट नव्हतं. "इथल्या पोरांची परीक्षा नसते हो ताई."

भेटीची वेळ चारपर्यंत होती. करवत चारपर्यंत बसली.