सावलीत वाळवलेला पुदिना

वडूजहून साताऱ्याला निघालेल्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. साठीची असावी. मांडीवर जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. खिडकीतून ऊन आलं की ती त्यावर पदर ओढायची. वळणावर ऊन सरलं की गाठ सैल करून आत वारा जाऊ द्यायची, आणि आमच्या बाकापुरता पुदिन्याचा वास पसरायचा.

"परड्यातला हाय," ती म्हणाली. "उन्हाळ्यात पाणी पुरत न्हाई, म्हणून थंडीतच खुडून सावलीत वाळवला. उनात वाळवला की वास जातो, नुसता पाला उरतो."

साताऱ्यातल्या लेकीसाठी नेत होती. लेकीला पुदिना फार आवडायचा. पण मोठ्या तापातून उठल्यापासून तिला कसलाच वास येत नव्हता. आमटी करपली तरी तिला कळायचं नाही, शेजारीण सांगायला यायची.

मला नको तिथं शहाणपण सुचतं. मी म्हणालो, "मावशी, तिला वासच येत नाही, तर मग एवढा जपून कशाला?"

तिनं गाठ हळूच पुन्हा बांधली.

"यील की कवातरी," ती म्हणाली. "अन् ज्या दिशी यील, त्या दिशी घरात पुदिना नको व्हय?"